गाण्याची चतुःसीमा

अप्पांना कशाचाही पत्ता विचारा, ते आधी त्याच्या चारी बाजू सांगत. एखाद्या परगावच्या माणसानं "चहाचं हॉटेल कुठंय हो?" म्हटलं की चष्मा नाकावर सरकवून अप्पा सुरू, "पूर्वेला तहसीलची भिंत, पश्चिमेला खताचं दुकान, दक्षिणेला नाली, उत्तरेला रस्ता. मधी जे उरलं ते हॉटेल." तो माणूस पूर्व कुठली ते शोधायला आभाळाकडे बघायचा आणि आम्ही हसायचो. एकदा पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी दुखण्याच्या चारी हद्दी सांगितल्या. इतकं नेमकं दुखणं घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं, असं डॉक्टर नंतर माझ्यापाशी म्हणाले. चतुःसीमा अप्पा हे नाव त्यांना कोणी ठेवलं देव जाणे, पण उदगिरात त्यांचं शंकरअप्पा हे खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

अप्पा अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज, खरेदीखतं, वाटणीपत्रं लिहून द्यायचे. जमिनीच्या कागदात तिच्या चारी दिशांना कोणाकोणाचा बांध लागतो ते लिहावं लागतं, त्याला चतुःसीमा म्हणतात. चाळीस वर्षं तेच लिहून लिहून अप्पांना सगळं जगच तसं दिसायला लागलं होतं. तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्याच्या पायरीशी त्यांचं लाकडी मेज असे. वडील निजामाच्या काळात उर्दूत कागद लिहायचे, त्यामुळे अप्पांच्या तोंडी मजकूर, इसम, सबब, हरकत हे शब्द मीठमिरचीसारखे असत. मला ते कानडी वळणानं 'अव्वा' म्हणत.

कागद संगणकावर टाइप व्हायला लागल्यापासून त्यांच्याकडे लिहून घ्यायला येणारे कमी झाले होते, पण वाचून घ्यायला लोक हमखास यायचे. सहीआधी कागद तीनदा वाचून दाखवायचा हा त्यांचा नेम होता. "पहिल्यांदा कानासाठी, दुसऱ्यांदा डोक्यासाठी, तिसऱ्यांदा पोटासाठी," ते म्हणत. "तिसऱ्या टायमाला पोटात कालवलं तर सही करू नगं." एस.टी. चुकली तरी चालेल, पण तिसरं वाचन चुकता कामा नये. घाईच्या गिऱ्हाइकांनी किती शिव्या दिल्या असतील, अप्पांनी त्या शांतपणे ऐकल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

मी म्हणजे त्यांच्या अगदी उलट टोक. मोबाइलवर अटी आणि नियमांचं भेंडोळं उलगडलं की मी सरळ तळ गाठायची आणि 'मान्य'वर बोट टेकवायची. "काय लिहिलंय गं त्यात?" अप्पा विचारत. "नेहमीचंच हो," मी सांगे. त्यावर ते नुसतं "हाव", म्हणजे हो, म्हणत आणि त्यांच्या त्या 'हाव'चा मला भारी राग यायचा.

आणि मग ते गाणी करणारं ॲप आलं! शब्द टाका, कसलं गाणं पाहिजे ते सांगा, अर्ध्या मिनिटात पेटी-तबल्यासकट गाणं तयार. भाचीच्या वाढदिवसासाठी मी दुकानात बसून पहिलं गाणं केलं आणि आवाज मोठा करून वाजवलं. बाहेर अप्पांची लेखणी थांबली.

"कोण गाऊन राहिलंय?"

"कोणीच नाही अप्पा. मशीन आहे."

"आन् पेटी?"

"तीही मशीनच."

अप्पा उठून आत आले. मोबाइल उलटा करून मागची बाजू बघितली, जणू पेटीवाला तिथं दडून बसलाय. मग बाहेर गेले, मेजाच्या खणातून कोरा कागद काढला आणि मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. आणून दिलं तर ते चक्क एक खरेदीखत होतं, पण यमकं जुळवलेलं. "पूर्वेस पाहुण्यांचा बांध, पश्चिमेस भावकीचा वाद, दक्षिणेस ओढा कोरडा ठाक, उत्तरेस रस्ता, तेवढाच साफ." आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, "लिहून देतो राजीखुशीनं, नशापाणी न करता."

"ह्येचं गाणं होतंय का बग."

मी कव्वाली निवडली. टाळ्या सुरू झाल्या, तबला घुमला, एका भरदार गळ्यानं "पूर्वेस" म्हणून अशी तान घेतली की सातबाऱ्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. आणि मग सगळा कोरस एकदम, "नशापाणी न करता!" लोक हसून लोटपोट. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका काढून हवेत फिरवला. अप्पा मात्र हसत नव्हते. दोन्ही हातांनी ताल धरून ते डोळे मिटून ऐकत होते. "चाळीस वर्सं हाच मजकूर लिवला अव्वा," गाणं संपल्यावर म्हणाले, "आजपातुर कुणी टाळी दिली न्हवती." त्या दिवशी ते गाणं आम्ही निदान वीस वेळा वाजवलं.

तिथून माझी गाडी सुटली ती सुटलीच. मिठाईचं दुकान, लातूरचे शिकवणीवर्ग, साड्यांचा सेल, सगळ्यांना गाणी पाहिजे होती. गावात मला गाणीवाली ताई म्हणायला लागले. अशात लातूरचे डाळमिलवाले काशिनाथशेट आमच्या आत्याच्या ओळखीनं माझ्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या तूरडाळीचं नवीन पाकीट यायचं होतं. मी शब्द लिहिले, "शिजते लवकर, फुगते छान, ताटामध्ये तुरीचा मान," आणि मशीननं त्याला अशी काही चाल दिली की माझ्याच अंगावर काटा आला. शेटनी फोनवर ते सात वेळा ऐकलं. "हेच पाहिजे. तसूभर बी बदलायचं न्हाई," म्हणाले. "रिक्षावर वाजवतो, केबलवर लावतो. पुढं वर्षभराच्या सगळ्या जाहिराती तूच कर. फकस्त एक स्टँप पेपर आण. गाणं आता सर्वस्वी माझं, दुसऱ्या कुणाचा हक्क न्हाई, निघाला तर तू जबाबदार."

वर्षभराचं काम! मी मनातल्या मनात दुकानाची पाटीसुद्धा बदलून टाकली. झेरॉक्सचं यंत्र कोपऱ्यात, भिंतीला फोम, दारावर 'स्टुडिओ'. नाचतच अप्पांकडे गेले आणि म्हटलं, पटकन लिहून द्या.

अप्पांनी लेखणी उचलली आणि विचारलं, "चतुःसीमा सांग."

"अप्पा, गाणं आहे. जमीन नाही."

"ज्येला हद्द न्हाई ते इकता येत न्हाई. शब्द कुणाचे? चाल कुणाची? आवाज कुणाचा? तुला ते इकायचा हक्क कुणी दिला? ते मशीनवाल्यांचं कागूद वाच."

मग त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा अटी आणि नियम वाचले. इंग्रजीतलं एकेक कलम मी मराठीत सांगायची आणि अप्पा ते काळ्या शाईनं आपल्या वळणदार अक्षरात उतरवून घ्यायचे. गिऱ्हाइकं परत गेली. समोरच्या हॉटेलातला चहा दोनदा येऊन गार झाला. एका कलमाशी अप्पांनी हात वर केला. "ही वळ पुन्ना वाच."

मी ओळ वाचली. फुकट खात्यावर केलेलं गाणं धंद्यासाठी वापरता येणार नाही. पैसे भरून खातं घेतल्यावर जी गाणी कराल ती वापरता येतील.

"मग भरलेत की मी पैसे!" मी उडालेच.

"कवा?"

"गुरुवारी. शेटचा होकार आला त्या दिवशी."

"आन् गाणं कवा झालं?"

मी मोबाइल बघितला. मंगळवार. पुढच्याच ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की नंतर पैसे भरले तरी आधीच्या गाण्यांना ते लागू होणार नाहीत.

अप्पांनी लेखणीला टोपण लावलं. "सातबाऱ्यावर नाव लागायच्या आदीच तू जमीन इकून राहिलीस अव्वा."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांच्या ओळखीचे लातूरचे एक वकील होते, त्यांना फोन लावला. वकील म्हणाले, पोरीनं स्वतः लिहिलेले शब्द तिचेच, त्यात वाद नाही. पण यंत्रानं केलेल्या चालीची मालकी नेमकी कोणाची, यावर आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तशीच चाल ते यंत्र उद्या दुसऱ्यालाही देईल. 'सर्वस्वी' हा शब्द लिहू नका.

मी चिडले. वाईट चिडले. पलीकडच्या टायपिंगवाल्याकडे पाच मिनिटांत कागद होत होता, आणि हे म्हातारं माझ्या स्टुडिओच्या वाटेत आडवं पडलं होतं. "अप्पा, मंगळवार का गुरुवार, कोण बघायला येणार आहे?" मी ओरडलेच.

"बांध कोरणारा बी ह्येच म्हणतो," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "दरसाली ईतभर. कोण बगतंय? आन् मग भावाभावात कुऱ्हाडी निघत्यात. मी लई बगितलंय. जा, पलीकडं टाइप करून घे. पर सही करायच्या आदी तीनदा वाच."

मी गेले. खरं सांगते, टाइपसुद्धा करून घेतला. 'सदर गीत सर्वस्वी माझ्या मालकीचे असून' हे वाक्य एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या पोटात असं काही कालवलं की मी तो कागद तिथंच टराटरा फाडला. परत आले तेव्हा अप्पा मेज आवरत होते. "उद्या लातूरला जाऊ," एवढंच म्हणाले. "मी बी येतो. लई दिस झाले एस.टी.त बसून."

काशिनाथशेटच्या ऑफिसात डाळीची पिवळी धूळ खुर्च्यांवरही बसलेली होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ते गाणं मी तुम्हाला देऊ शकत नाही, कारण ते विकायचा हक्कच मला नव्हता. शेटचा चेहरा तांबड्या तुरीसारखा लाल झाला. "मग आता काय? पाकिटं छापून तयार हायत. मला दुसरा माणूस म्हणला होता, मालकीसकट करून देतो!"

"त्येला विचारा, चालीच्या पश्चिमेला कुणाचा बांध हाय," अप्पा म्हणाले.

"हे कोण?"

"मी अर्जनवीस. पोरीनं काल खोटं लिवलं असतं तर तुमाला कळलं बी नसतं, शेट. ती सांगायला आली. आता नवं गाणं हितंच, तुमच्या डोळ्यांदेखत करू."

आता करू म्हणणं सोपं. तेच शब्द, तोच मोबाइल, पण पैसे भरलेलं खातं. मशीन काही केल्या पहिली चाल देईना! पहिल्या खेपेला लावणी आली, दुसऱ्या खेपेला आरती, तिसरी ऐकून शेट म्हणाले की ही तर मयताची वाटते. अप्पा खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले होते, दर गाण्याला "आन् एक, आन् एक" म्हणत होते. डाळ निवडणाऱ्या बायका दाराशी गोळा झाल्या, हमाल पोती टाकून आले, मुनीमजी चष्मा पुसून उभे राहिले. अकरावं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीलाच दारातली एक बाई सूप वाजवायला लागली. मग दुसरी. मग हमालांनी पोत्यांवर थापा मारल्या. "ताटामध्ये तुरीचा मान" आलं तेव्हा सगळी मिल ते म्हणत होती, आणि पहिल्या गाण्याची आठवण माझ्या डोक्यातून साफ पुसली गेली. शेटनी टेबलावर हात आपटला, "हे! हेच!" अप्पा उभं राहून टाळ्या वाजवत होते. इतका आनंद मी आयुष्यात फार थोड्या वेळा अनुभवलाय.

मग तिथंच अप्पांनी कागद लिहिला. पूर्वेस शब्द, लिहून देणार बाईचे स्वतःचे, ते शेटना दिले. पश्चिमेस चाल, यंत्राची, वापरायची परवानगी आहे, तेवढीच पुढे दिली, एकट्याच्या मालकीची हमी नाही. दक्षिणेस आवाज, कोणाही गायकाची नक्कल करायला यंत्राला सांगितलेलं नाही. उत्तरेस तारीख, पैसे भरल्यानंतरची, मिलमधल्या सगळ्यांच्या साक्षीनं.

"एवढं लिवून मला मिळालं काय?" शेट कुरकुरले.

"जेवढं हिचं हाय तेवढं समदं मिळालं. जे हिचं न्हाईच ते ही कुठून देणार?"

तीन वाचनं झाली. तिसऱ्या वाचनाला शेट पोटावर हात ठेवून बसले होते, मग सही केली. पुढे नांदेडच्या एका तेलवाल्याच्या जाहिरातीत जवळपास तशीच चाल वाजायला लागली, तेव्हा शेट तो कागद घेऊन भांडायला निघाले होते. वाटेत पश्चिमेची ओळ वाचली आणि लोह्यात चहा पिऊन परत आले. मला फोन करून म्हणाले, "म्हाताऱ्यानं माझी कोर्टाची चक्कर वाचवली." वर्षभराचं काम मलाच मिळालं. मिठाईवाल्याची, शिकवणीची, साड्यांची आधीची गाणीही मी पैसे भरलेल्या खात्यावर पुन्हा करून दिली. आज माझ्या दारावर स्टुडिओची पाटी आहे.

अप्पांची नजर त्यानंतर मंदावत गेली. लेक भोकरला दिलेली, तिनं त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी मेजाचे खण रिकामे करून ते दुकानात आले, एक दुमडलेला कागद माझ्या हातात ठेवला. "वाच," म्हणाले. माझ्यासमोर फॉर्मची ही मोठी रांग. "हो अप्पा, वाचते," म्हणून मी तो खणात टाकला. भोकरहून त्यांचा दोनदा फोन आला. पेठेची, तहसीलची खबर विचारायचे आणि शेवटी, "कागूद वाचलास का?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "हो, वाचला की." दोन्ही वेळा ते म्हणाले, "हाव."

तिसरा फोन त्यांच्या लेकीचा होता. अप्पा गेले होते. मी शटर ओढलं आणि आत बसून खूप रडले.

परवा लातूरहून एक प्लॉट विकणारे गृहस्थ आले. त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर अप्पांचं ते खरेदीखताचं गाणं ऐकलं होतं. जाहिरातीला हवं होतं त्यांना, वाटेल ते द्यायला तयार होते. मी सांगितलं, ते माझ्या फुकटच्या खात्यावर झालेलं आहे, धंद्याला देता येत नाही. "अहो ताई, कोण बघतंय?" ते म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग अप्पांच्या हातचे ते मूळ शब्द एकदा बघावेत म्हणून खण उपसला, आणि तो दुमडलेला कागद हाती आला.

बक्षीसपत्र होतं. त्याच वळणदार अक्षरात, पण ओळी खालीवर गेलेल्या, दिसत नव्हतं ना त्यांना. 'मौजे उदगीर येथील एक गाणे. पूर्वेस शब्द, माझे, ते मी राजीखुशीने, नशापाणी न करता, अव्वास दिले. पश्चिमेस चाल, यंत्राची, तिचा मालक मला ठाऊक नाही, सबब ती दिली असे लिहीत नाही. दक्षिणेस खाते, फुकटचे, सबब या गाण्याचा धंदा करू नये. उत्तरेस रस्ता. ज्यास गुणगुणावयाचे त्याने गुणगुणावे, हरकत नाही.' खाली लिहून देणार म्हणून त्यांची सही होती. लिहून घेणार यापुढची जागा कोरी होती. अप्पांना माहीत होतं. दोन्ही फोनला त्यांना पक्कं माहीत होतं की मी वाचलेलं नाही, वाचलं असतं तर सही करून कागद धाडला असता.

मी तो मोठ्यानं वाचला. एकदा कानासाठी. दुसऱ्यांदा डोक्यासाठी. तिसऱ्यांदा वाचायला लागले आणि 'उत्तरेस रस्ता'पाशी माझ्या पोटात असं कालवलं की पुढची अक्षरं दिसेनात. अशा वेळी सही करू नये, हा अप्पांचा नेम. तो मी पहिल्यांदा मोडला, डोळे पुसले आणि त्या कोऱ्या जागेवर सही केली.